कुंभारजुव्याच्या कालव्यातून दोघांची होडी (आणि चिखलातला सव्वा तास)

शेवंतीची_वेणी:

ज्यांना फक्त मगरीबद्दल वाचायचंय त्यांनी सरळ खाली जावं. मी आधी जरा पाल्हाळ लावणार आहे.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली पहिली एकोणीस वर्षं नवरा खनिजाच्या बार्जवर होता आणि मी इथे गोव्यात, डिचोलीला शाळेत मराठी शिकवत होते. आमोण्याला नाहीतर सारमानसला माल भरायचा, मुरगावला खाली करायचा, की परत. निघायचं ते भरती बघून, त्यामुळे जेवणाला वेळ नाही, झोपेला वेळ नाही. एका चतुर्थीला तर आरती अर्धी टाकून गेला होता. पावसाळ्यात आग्वादच्या बाजूला मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि लाटा असतात, तिथून बार्ज बाहेर काढता येत नाही. मग सगळी वाहतूक कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत आणि तिथून मुरगावला. म्हणजे ऐन पावसात, रात्री-बेरात्री, आमचा माणूस या कालव्यात.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा ठप्प. तेव्हा त्याने बार्ज सोडली ती सोडलीच. आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. पण कालव्याचं नाव निघालं की अजून डोळ्यांत काहीतरी होतं. मी म्हणायची, एकदा दाखवा तरी. दाखवतो, म्हणायचा. सव्वीस वर्षं.

तर या नाताळच्या सुट्टीत मुहूर्त लागला. एका मित्राची अठरा फुटी फायबरची होडी, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. इंजिन यानेच दुरुस्त केलं होतं, त्याची मजुरी म्हणून एक दिवस होडी. दिवस ठरला पौष शुद्ध सप्तमीचा. सुट्टी कधी, हवामान कसं, हे त्याने विचारलंच नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हा. पहाटेची भरती पावणेपाचच्या आसपास, अकराला ओहोटी, संध्याकाळी सव्वापाचला पुन्हा भरती. जाताना पाणी उतरलेलं, म्हणजे मगरी काठावर दिसतील. येताना पाणी चढलेलं, म्हणजे कालव्यात अडकणार नाही. कागदावर एकदम चोख.

सव्वासातला रायबंदरहून निघालो. धुकं इतकं की चोडणची फेरीबोट आधी ऐकू आली, मग दिसली. डावीकडे चोडणच्या टोकाला सलीम अली अभयारण्य. मुलांना घेऊन मी तिथे आत पायवाटेने दोनदा गेले आहे, पण पाण्यातून ते रान निराळंच दिसतं. ओहोटी लागलेली होती, त्यामुळे कांदळाच्या मुळ्या उघड्या, जणू झाडं परकर वर धरून चिखलातून चालली आहेत. चिखलावर निवटे टुणटुण उड्या मारत होते. काळ्या टोपीचा खंड्या दोन वेळा दिसला. ब्राह्मणी घारी तर मोजल्याच नाहीत.

मग दिवाडी डावीकडे आणि जुने गोवे उजवीकडे. व्हाइसरॉयच्या कमानीपाशी मी शाळेच्या सहली घेऊन किती वेळा उभी राहिले असेन! पण रस्त्याने जाऊन, म्हणजे पाहुण्याने मागच्या दाराने घरात शिरावं तशी. ती कमान नदीकडे तोंड करून उभी आहे. यायचं ते पाण्यातून. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि मी शिक्षिका आहे.

त्यानंतर कालवा.

कालवा म्हणतात खरं, पण कोणी आखून खणलेला वाटत नाही. मांडवी आणि झुवारी यांना जोडणारी पंधरा-एक किलोमीटरची वेडीवाकडी वाट आहे ती. एका अंगाला तिसवाडी, दुसऱ्या अंगाला फोंडा. दोन्हीकडे बांध, बांधांमागे खाजनं, मधे मधे मानशी. (घाटावरच्या वाचकांसाठी: खाजन म्हणजे खाडीपासून बांध घालून राखलेली शेतजमीन. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीच्या दाबाने ते आपोआप बंद होतं, ओहोटीला उघडतं. वीज नाही, मोटर नाही.) पाणी उतरल्यामुळे दोन्ही काठांना राखाडी चिखलाचे उतार उघडे पडलेले, ऊन लागून चकाकत होते.

गवंडाळीचा पूल मागे पडला आणि एका वळणावर मला पलीकडच्या उतारावर एक ओंडका दिसला.

"अहो, जरा जवळ घ्या, फोटो काढते."

"कसला?"

"ते लाकूड बघा, किती सुरेख वाळलंय."

तो काही बोलला नाही. होडी वळवली. वळणाच्या आतल्या अंगाने घातली, कारण तिथून जवळ. साधारण पन्नास-साठ पावलांवर आलो आणि लाकडाने डोळा उघडला. त्याच क्षणी होडीखालून सुर्रर्र असा आवाज आला. साबणावरून घसरावं तसे आपण हळूच, अगदी अदबीने थांबलो.

दहा वाजून वीस मिनिटं.

आधी त्याने इंजिन वर उचललं. मग वल्ह्याने ढकलून पाहिलं, तर वल्हं कोपरापर्यंत चिखलात गेलं आणि बाहेर येईना. उतरून ढकलायची सोय नव्हती. चिखल मांडीपर्यंत, आणि समोर ते. पुढच्या दहा मिनिटांत होडीच्या आजूबाजूचं उरलंसुरलं पाणीही निघून गेलं. आम्ही दोघं चकचकीत चिखलाच्या ताटात वाढलेल्या दोन पदार्थांसारखे बसलो होतो.

"आता?"

"आता काय. अकराला ओहोटी संपेल. जेवढा वेळ पाणी उतरायला, तेवढाच चढायला. दहा चाळीसला अडकलो असतो तर वीस मिनिटं आधी सुटलो असतो."

"म्हणजे कधी?"

"पावणेबारा. ओगी राव गो."

ओगी, म्हणजे गप्प, राहिले. उंडे (गोल पाव) आणि सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) जेवणासाठी आणली होती, ती साडेदहालाच काढली. मगर तशीच. जबडा थोडा उघडा ठेवून ऊन खात होती. सात-आठ फुटी असेल. पंधरा मिनिटांनी भीती कमी झाली आणि अर्ध्या तासाने मला तिचा कंटाळा आला, हे खरं सांगते.

मग मी विचारलं, "इतकी वर्षं इथून गेलात, इथे चिखल आहे हे ठाऊक नव्हतं?"

तेव्हा जे कळलं, त्यासाठी हा सगळा धागा काढलाय.

हा इंजिन ड्रायव्हर. सुकाणूवर सारंग, डेकवर खलाशी आणि हा खाली, इंजिनरूममध्ये, कानांत कापूस. त्यांच्या जुन्या बार्जवर वरून घंटा वाजायची, तिच्या हुकमाने वेग कमी-जास्त करायचा. त्याचा कालवा हा घंटांचा कालवा होता. डोळे मिटून त्याने मला अख्खी वाट म्हणून दाखवली: इथे स्लो, मोठं वळण, मग फुल, पुन्हा स्लो, बाणस्तारीचा पूल, पुलाखाली इंजिनाचा आवाज बदलतो, मग बराच वेळ काही नाही, मग अंगाला निराळा हेलकावा लागतो, ती झुवारी. कुठे कोणता वास तेही. पण काठ? काठ त्याने कधीतरी कामाची पाळी संपल्यावर, अंधारात, पावसात, झोपेने जड डोळ्यांनी पाहिलेले. दिवसा उजेडी, वर बसून, असा हा कालवा त्यानेसुद्धा पाहिला नव्हता. सव्वीस वर्षं "दाखवतो" म्हणत होता तो!

मी काय बोलणार. थर्मासमधला चहा ओतून दिला.

तेवढ्यात मधल्या पाण्यातून एक खुंटावणीची (खुंटांना बांधलेली) जाळी बघणारा माणूस छोट्या होडीतून गेला. आम्हाला पाहिलं, मगरीला पाहिलं, आणि हसत म्हणाला, "उदक येतलें आतां, बसात." जणू आम्ही कुठे निघालो होतो.

अकरा चाळीसला होडीचं बूड किंचित हललं. पाणी येताना दिसत नाही, आधी चिखलाचा रंग बदलतो, मग बुडबुडे, मग होडीला जीव येतो. मगर कधी उतरली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात भीतीचा क्षण.

उरलेलं नंतर लिहिते, वह्या तपासायच्या आहेत.

तिरफळ:

ताई, वह्या राहू देत! झुवारीत पोचलात की नाही तेवढं सांगा.

पाऊणपट:

मी रत्नागिरीचा, घर खाडीवर. तुमच्या यजमानांनी बोट ठेवलं ते उगाच नाही. आमच्याकडे लहान पोरालाही येतं हे गणित: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. सप्तमी, सात पाऊणे सव्वापाच. बरोब्बर. त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा तेच. गणित ढोबळ आहे, ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं, तेही धरायचं. नेमकं हवं तर बंदराचं छापील कोष्टक असतंच.

दुसरं, सप्तमी-अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथेच रुतला असतात तर पाणी पार लांब गेलं असतं.

खाडीकाठचा:

वळणाच्या आतल्या अंगाने नेली तिथेच चुकलं. पाणी वळणाच्या बाहेरचा काठ खरवडतं आणि आतल्या काठाला गाळ टाकतं. खोल पाणी नेहमी बाहेरच्या अंगाला. बार्जचे सारंग तिथूनच न्यायचे. रागावू नका, पण ड्रायव्हर आणि सारंग यांच्यात हाच फरक.

शेवंतीची_वेणी:

@खाडीकाठचा, वाचून दाखवलं. "खरं आहे" म्हणाला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. आता तुम्हीच समजूत घाला.

पुढचं थोडक्यात. सुटलो खरे, पण इंजिनच्या मागून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार पडत असते, ती पडेना. चिखल ओढला गेला होता. इंजिन बंद केलं, होडी भरतीवर सोडून दिली आणि याने माझ्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला. मग पाच मिनिटं त्या भोकात खुपसून काय ते केलं, आणि धार सुरू. आकडा परत मिळाला नाही. ज्यांची इंजिनं आहेत त्यांनी ही धार बघायची सवय ठेवावी, ती बंद असताना इंजिन चालवलं तर ते तापून जाम होतं. हे माझं ज्ञान नाही, तो सांगतोय.

बाणस्तारीच्या पुलाखालून गेलो तेव्हा वर फोंड्याकडे जाणारी वाहनं धडधडत होती. त्या पुलावरून मी हजार वेळा गेले असेन. खाली एक होडी असेल असं कधी मनात आलं नाही. पुलाखाली इंजिनाचा आवाज खरंच बदलतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मडकईच्या बाजूला कालवा संपतो आणि एकदम झुवारी उघडते. तळ्यासारखी. इतकं रुंद, सपाट पाणी की पलीकडचा किनारा म्हणजे नुसती निळी रेघ. उजवीकडे लांब नव्या पुलाचे उंच मनोरे. तिथपर्यंत जायचा बेत होता, पण दीड वाजता समुद्राकडून वारा सुटला. पाण्यावर बारीक पांढरे तुरे आले आणि होडी ठोकळ्यावर आपटावी तशी आपटायला लागली. माझं तोंड बघून त्याने होडी काठाला घेतली. एका झाडाच्या सावलीत दीड तास नुसते बसलो. सोलकढी संपवली. त्याने झोप काढली. भरदिवसा, झुवारीवर, कोणाची घंटा नाही.

परतताना एक गंमत. कालव्याला दोन तोंडं, भरतीचं पाणी दोन्हीकडून आत शिरतं. झुवारीकडून निघालो तेव्हा पाणी आपल्याला ढकलत होतं, मधे एका टप्प्यात दोघांनाही कुठे जायचं नसल्यासारखं उभं होतं, आणि पुढे समोरून येऊ लागलं. सकाळचे चिखलाचे उतार गायब. आम्ही रुतलो ती जागा ओळखूच आली नाही. वर सपाट हिरवट पाणी, काही झालंच नाही असं.

सहाच्या सुमारास रायबंदरला. पेट्रोल पंधरा लिटर गेलं.

इतिहासवेडा:

फार छान. पण तुम्ही कालव्याच्या मांडवीकडच्या तोंडाजवळून गेलात, तिथे शेजारीच जुवे बेट (सांत इस्तेव्ह) आहे, आणि त्याचा उल्लेख नाही! २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री ओहोटीचा फायदा घेऊन संभाजी महाराजांच्या मोजक्या माणसांनी तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन परत घ्यायला आला आणि मार खाऊन, जखमी होऊन पळाला. जुने गोवे तिथून हाकेच्या अंतरावर. शहराची इतकी गाळण उडाली की व्हाइसरॉयने झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड त्या संताच्या स्वाधीन केला. पुढे शाहआलमची मोगल फौज येत असल्याची बातमी आली म्हणून महाराजांना माघारी फिरावं लागलं.

पाठलागाच्या वेळी महाराजांनी घोडा पाण्यात घातला, पण भरती चढत होती, आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचवलं, अशी परंपरा सांगतात. बांधांची दारं उघडून पाणी आत सोडलं गेलं होतं असंही वर्णन आहे. ताई, तुमच्या त्या मानशींचंच हे काम!

पाऊणपट:

@इतिहासवेडा, रात्रभर झोपलो नाही तुमच्यामुळे. चंद्राचा हिशोब मागे नेऊन पाहिला. २४ नोव्हेंबर १६८३ ला शुद्ध पंचमी-षष्ठी येते. पाऊणपट केली तर दुपारची भरती पावणेचार ते साडेचार, म्हणजे ओहोटी रात्री दहा-साडेदहाला. शुक्ल पक्षाच्या सुरुवातीची चंद्रकोर तोवर मावळलेली किंवा मावळतीला. खाडीत पाणी कमी आणि वर अंधार. तिथी बघून केलेलं काम आहे हे.

इतिहासवेडा:

_/\_ हे मी कुठेच वाचलं नव्हतं.

अमेय_बंगळुरू:

प्रश्न: इतका खटाटोप कालव्यात कशाला? गोव्यात साळावलीचं एवढं मोठं धरण आहे, तिथे मोटरबोट फिरवायची. ना भरती ना चिखल.

तिरफळ:

@अमेय, ते पिण्याचं पाणी आहे रे बाबा, अर्धा दक्षिण गोवा पितो. तिथे आपली होडी घालून फिरता येत नाही. बघायचं ते त्याचं सांडव्याचं तोंड, गोल विहिरीसारखं, पावसाळ्यात पाणी चहूबाजूंनी आत कोसळतं. आणि मे महिन्यात पाणी आटलं की कुर्डी गाव वर येतं. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. जोती, विहिरी, देवळाच्या खुणा. गावातून उठवलेली माणसं तेव्हा परत जमतात, उत्सव करतात. माझी आजी त्या भागातली. तिने त्या पाण्याला कधी धरण म्हटलं नाही, "आमच्या घरावरचं पाणी" म्हणायची. तिथे मजेने फिरायला मला नाही जमणार, परवानगी असली तरी.

नुसती तळ्यात होडी हवी असेल तर मयेला जा, पेडल मारा, भेळ खा.

अमेय_बंगळुरू:

माहीत नव्हतं. सॉरी. मेमध्ये येईन तेव्हा कुर्डीला जाईन.

पक्षीमित्र_७२:

वर्णन आवडलं, पण एक तक्रार नोंदवतो. मगरीच्या पन्नास पावलांवर होडी नेणं चूक. अडकलात हा भाग वेगळा, पण जवळ नेलीत फोटोसाठी. त्या उतारावर ती ऊन घ्यायला येते, तिचं अंग त्यावरच तापतं. दर अर्ध्या तासाने एक इंजिन जवळ आलं तर ती पुन्हा पुन्हा पाण्यात उतरते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे. आणि ही साधी गोड्या पाण्यातली मगर खाऱ्या कालव्यात राहते, हीच मुळात जपण्यासारखी गोष्ट. काही सफरीवाले मासे टाकून तिला जवळ बोलावतात, ते तर अत्यंत वाईट.

शेवंतीची_वेणी:

@पक्षीमित्र, मान्य. माझ्या बचावाला एवढंच की मी लाकूड समजले होते. पुढच्या वेळी लाकडापासूनही लांब राहीन.

जुनी_फेरीबोट:

मगरीवरून आठवलं. फोंडा तालुक्यात नदीकाठच्या काही गावांत पौष अमावास्येला खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर करून पुजतात, मानगे थापणी. पाठीवर खवल्यांच्या जागी शिंपले लावतात. बांध राखणारी म्हणून तिला मान. माझ्या मामाच्या गावी लहानपणी पाहिलंय. तेव्हा वाटायचं, मोठी माणसं चिखलात खेळताहेत आणि आम्हाला मात्र ओरडतात.

आणि मंगेशही याच पाण्यावरून आला ना? १५६० मध्ये कुशस्थळीहून, म्हणजे कुठ्ठाळीहून, रातोरात नदी ओलांडून प्रियोळला. पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर. शांतादुर्गाही तशीच, केळशीहून कवळ्याला. देव वाहणाऱ्या त्या होड्यांनीही भरतीच बघितली असणार.

माका_सांग:

दोन अगदी व्यवहारी प्रश्न. १) यजमान इंजिन ड्रायव्हर, मग होडी चालवायचे कागद? २) ताई, बायकांनी दिवसभर होडीत... तुम्हाला कळलं असेल.

शेवंतीची_वेणी:

कळलं! आधी दुसऱ्याचं उत्तर. जाताना जुने गोव्याच्या फेरी धक्क्याजवळ उतरलो आणि दुपारी झुवारीच्या काठाला. मधल्या चिखलातल्या सव्वा तासाबद्दल मला काही विचारू नका. चहा जपून प्या, एवढंच सांगते.

पहिलं: होडीची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे आहे, आणि बार्ज सोडल्यावर याने लहान यांत्रिक होडी चालवण्याचे कागद रीतसर करून घेतलेत. लाइफ जॅकेट दोघांनीही दिवसभर घातलेलं होतं, झोपताना सुद्धा. त्यावरून मी हसले तर म्हणाला, बार्जवर एक पोरगा जेट्टीच्या आणि बार्जच्या मधे पडला होता, पोहता येत होतं त्याला. पुढचं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खाडीकाठचा:

ताई, यजमानांना सांगा, मी चिडवत होतो. माझे वडील सारंग होते, त्याच कालव्यातले. ते म्हणायचे, सारंगाला नदी दिसते म्हणून तो घाबरतो. ड्रायव्हर खाली बसून नुसत्या घंटेवर विश्वास ठेवतो, त्याची छाती मोठी. रात्री धुक्यात वरून उलटी घंटा मारली आणि खालून त्या क्षणी इंजिन उलटं फिरलं नाही तर बांधच फोडणार. तुमच्या यजमानांनी एकोणीस वर्षांत किती बांध वाचवले असतील ते त्यांनाही माहीत नसेल.

शेवंतीची_वेणी:

@खाडीकाठचा, हे वाचून दाखवलं नाही, फोनच हातात दिला. दोनदा वाचलं. मग विचारलं, वडील कुठल्या बार्जवर? नाव कळलं तर बघा, तो म्हणतो आवाजावरून आठवेल.

खाडीकाठचा:

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

तिरफळ:

पुढची फेरी कधी? आम्ही दोघंही येतो, चहा आमचा. नवऱ्याला फक्त बाहेरच्या अंगाने चालवायला सांगा :)

शेवंतीची_वेणी:

होडी माघात मिळेल म्हणतोय. या वेळी मगर नको, जुव्याला वळसा घालून चोडणच्या मागच्या बारीक खाड्यांत शिरायचंय. तिथे पाणी भरपूर लागेल. @पाऊणपट, तिथी काढा बघू. हा म्हणतो त्याने काढलीय, पण तुमची आधी ऐकायचीय.

पाऊणपट:

द्वादशी. नऊला भरती. साडेसातला निघा, चढत्या पाण्यावर आत शिरा, आणि काहीही झालं तरी अकराच्या आत त्या बारीक खाड्यांतून बाहेर पडा.

शेवंतीची_वेणी:

द्वादशीच म्हणाला होता.